पाच मिनिटांनी बसणारा आवाज

मास्तर म्हणजे बाई, हे आधीच सांगितलेलं बरं. नाहीतर काय होतं, नवीन गिऱ्हाईक जिना चढून दुकानात येतं, कटिंगच्या टेबलापाशी उभ्या असलेल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलेल्या बाईंना विचारतं, "मास्तर बाहेर गेलेत का?" आणि पुढे त्याची जी हजेरी घेतली जाते ती ऐकायला मशीनवरचे तिन्ही कारागीर पाय थांबवतात. "मास्तर तुमच्या पुढ्यात उभे आहेत. हात वर करा. आणि श्वास सोडा आधी, पोट आत घेऊन माप दिलंत तर तो कोट जन्मभर पोट आत घेऊनच घालावा लागेल." गिऱ्हाईक निमूट श्वास सोडतं. टेप फिरते, मास्तर आकडे बोलतात आणि खिडकीशी बसलेल्या मावशी ते मापांच्या वहीत उतरवतात. मावशींचं खरं काम काजं करायची, बटणं लावायची. पण दुकानात अक्षर तेवढं त्यांचंच धड.

दुकान पहिल्या मजल्यावर, खाली रंगाचं दुकान. त्यामुळे जिन्यात टर्पेंटाइनचा वास आणि वर इस्त्रीच्या वाफेचा. मधोमध लांबलचक टेबल, भिंतीला तीन मशीन, कोपऱ्यात ट्रायलचा पडदा आणि माणसाला जरा बारीक दाखवणारा आरसा. एकतीस वर्षं मास्तर कोट कापताहेत, त्यातली बावीस या टेबलावर. लग्नाचे, वकिलांचे, बँडवाल्यांचे, हॉटेलाच्या दारात उभं राहून सलाम करणाऱ्यांचे. एक खांदा उतरलेला असो की पाठीला पोक असो, कोट चढवला की माणूस सरळ दिसला पाहिजे, ही त्यांची जिद्द. ती त्या बोलून दाखवत नाहीत, पण तसा नाही दिसला तर बाही उसवून परत बसवतात आणि दिवसभर कुणाशी धड बोलत नाहीत.

गळ्यात त्यांच्या कायम तीन वस्तू. एक टेप, एक दोरीला बांधलेली छोटी कात्री आणि तिसरा बिल्ला. बिल्ला हे कारागिरांनी ठेवलेलं नाव. काळ्या लोकरी कापडात शिवलेली जड चकती होती ती, तिला साळिंदरासारख्या टाचण्या चिकटलेल्या. उजव्या हाताला पटकन सापडाव्यात म्हणून मास्तर ती डावीकडे ओढून ॲप्रनच्या खांद्याच्या पट्ट्याखाली, छातीशी खोचून ठेवत. "कुठल्या लढाईत मिळाला हा बिल्ला?" असं कुणी थट्टेने विचारलं की त्या म्हणत, "बाबांशी झालेल्या."

त्या लढाईची गोष्ट अशी. मास्तरांना अकराव्या वर्षापासून आकडी येते. पहिली आली ती शाळेत, फळ्यावर गणित सोडवताना. शुद्धीवर आल्या तेव्हा अर्धा वर्ग बाकांवर चढून बघत होता. मग डॉक्टर झाले, औषधं झाली, ज्याने जे सांगितलं ते सगळं करून झालं. आकडी हटली नाही. महिन्यातून चार-पाच वेळा यायचीच. आईचं म्हणणं, हिच्या हातात कात्री, सुई काही द्यायचं नाही. बाबा स्वतः शिंपी, घरातच एक मशीन घेऊन बसलेले. ते म्हणाले, "कात्री नाही द्यायची तर पोरगी करेल काय? माझं तोंड बघत बसेल?" आणि त्यांनी लेकीला कापायला शिकवलं. तिचं स्टूल काढून टाकलं, खाली सतरंजी दुमडून घातली, टेबलाचे चारही कोपरे चिंध्यांनी गुंडाळले आणि शिकवलं.

सगळे शिंपी टाचण्या ओठात धरतात. बाबाही धरायचे. सतराव्या वर्षी लेकीनेही तसंच केलं आणि बाबांच्या हातची आयुष्यातली एकुलती एक थप्पड खाल्ली. चार टाचण्या जमिनीवर सांडल्या. बाबाच मग बराच वेळ हुंदके देत बसले, ते पाहून तिला रडायचंही सुचेना. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरचा बंद पडलेला रेडिओ काढला, त्याच्या स्पीकरमागचा गोल चुंबक सुटा केला, कोटाच्या तुकड्यात शिवला आणि तिच्या गळ्यात घातला. "टाचण्या इथे लावायच्या. तोंडात दिसली तर याद राख." बाबा जाऊन आता बारा वर्षं झाली. कापड मास्तरांनी तीनदा बदललं, आतली चकती तीच.

लग्नही या आकडीनेच जमवलं म्हणा ना. बसडेपोतला एक मेकॅनिक डांगरी शिवायला आला होता. माप घेता घेता मास्तर त्याच्या पायाशीच कोसळल्या. जाग आली तेव्हा डोक्याखाली त्याचं ग्रीस लागलेलं जॅकेट होतं, त्यांना कुशीवर वळवलेलं होतं आणि तो शेजारी उकिडवा बसून मनगटावरच्या घड्याळात बघत होता. "सव्वा मिनिट," तो म्हणाला. "दर वेळी एवढंच का?" तोवर आयुष्यात लोकांनी त्यांना अरेरे म्हटलं होतं, किंवा काही न म्हणता चप्पल पायात सरकवून काढता पाय घेतला होता. असा सरळ प्रश्न कुणीच विचारला नव्हता. मास्तरांनी त्याच संध्याकाळी आईला सांगून टाकलं की मला हा माणूस चालेल. डेपोत त्यांना मिस्त्री म्हणतात, आपणही तेच म्हणू.

संसार झाला, लेक झाली, ती नोकरीलाही लागली. गोळ्या मात्र बदलत राहिल्या. एकीने झोप यायची, एकीने हिरड्या सुजायच्या, एकीने हात कापायचे, आणि कटिंग करणाऱ्याचा हात कापायला लागला तर मग राहिलं काय? शेवटी सत्तेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून नीट सांगितलं. "औषधं बदलून आता फारसा फरक पडेल असं मला वाटत नाही. मेंदूचं ऑपरेशनही तुमच्यात जमणार नाही, कारण तुमची फिट एकाच जागेवरून सुरू होत नाही. एक तिसरी गोष्ट आहे."

ती तिसरी गोष्ट म्हणजे व्हेगस नावाची नस. मेंदूतून निघून मानेतून खाली उतरते, घशाला फाटा देते, हृदयाला देते, पार पोटापर्यंत जाते. छातीच्या डाव्या बाजूला, गळ्याच्या हाडाखाली, कातडीच्या आत एक चपटी डबी बसवायची. तिच्यातून निघालेली तार मानेतल्या त्या नसेला गुंडाळायची. दर पाच मिनिटांनी अर्धं मिनिट डबी बारीकसा करंट सोडणार, तो नसेतून वर मेंदूकडे जाणार आणि आकड्या हळूहळू कमी होणार.

"म्हणजे बॅटरी, वायरिंग आणि मेन लाइनला जोड," मिस्त्री म्हणाले.

"साधारण तसंच," डॉक्टरीणबाई हसल्या. "पण हे गॅरेज नाही. पूर्ण बरं होईल असं वचन मी देत नाही. काहींच्या आकड्या निम्म्याने कमी होतात, काहींच्या त्याहून जास्त, काहींना काडीचा उपयोग होत नाही. कळायला सहा महिने, वर्ष लागतं. गोळ्या चालूच राहणार. आणि करंट सुटला की तेवढा वेळ आवाज बसेल. घशाचा फाटा त्याच नसेचा ना."

"बसू दे बाई," मास्तर म्हणाल्या. "मी काय गाणारी आहे? ओरडणारी आहे."

ऑपरेशन झालं. घरी सोडताना नर्सने एक चुंबक दिला, मनगटाला बांधायचा. फिट येतेय असं वाटलं की तो डबीवरून एकदा फिरवायचा, जादा करंट सुटतो. पण डबीवर तसाच धरून ठेवला तर डबी बंद, आणि काढेपर्यंत बंदच. म्हणून दुसरे चुंबक छातीपासून लांब. नर्सने यादीच वाचून दाखवली, मोठे स्पीकर, कपाटांची चुंबकी दारं, असलं बरंच काही. मग विचारलं, "कामावर काही चुंबक वगैरे?"

"छे हो," मास्तर म्हणाल्या. "आमचं काम कापडाचं."

खोटं बोलायचं त्यांच्या मनातही नव्हतं. घरी आल्याबरोबर त्यांनी उशाचा रेडिओ खोलीच्या दुसऱ्या टोकाला नेला, लेकीकडून फ्रिजवरची चुंबकाची फळंफुलं काढवून घेतली. डॉक्टरांनी सांगितलं की ते ब्रह्मवाक्य, अशी त्यांची रीत. आणि बिल्ला? तो तेव्हा दुकानात खिळ्याला लटकलेला होता, त्यांच्या ॲप्रनवर.

फरक दिसेपर्यंत कात्री नको असं ठरलं आणि आठ महिने त्या घरी होत्या. आवाजाची नवी तऱ्हा घराच्या अंगवळणी पडली. बोलता बोलता एकदम घोगरा व्हायचा, अर्ध्या मिनिटाने परत सरळ. "आली आईची बेडकी," लेक म्हणायची. मास्तर नवऱ्याला झापत असल्या आणि मध्येच आवाज बसला, तर मिस्त्री हात वर करून म्हणायचे, "थांब, थांब. डबी उतरू दे, मग पुढचं बोल." मास्तरांना त्याचा राग यायचा. अहो, भांडण काय असं थांबवून थांबवून करायची गोष्ट आहे? पण भिंतीवरच्या कॅलेंडरवर आकडीच्या दिवशी लाल गोल करायची पद्धत होती, ते गोल विरळ होत गेले. आधी महिन्याला तीन, मग दोन, शेवटी सहा आठवड्यांत एक. मास्तरांनी आयुष्यात एवढं पांढरं कॅलेंडर पाहिलेलं नव्हतं. एके दिवशी त्याच्यासमोर उभ्या राहून त्या चक्क रडल्या आणि लेकीने विचारल्यावर "कांदा" म्हणाल्या, हातात कांदा नसताना.

मग त्या कामावर रुजू झाल्या. खिळ्यावरून ॲप्रन काढला, टेप घातली, कात्री घातली, बिल्ला पट्ट्याखाली खोचला. पहिल्याच दिवशी मावशी म्हणाल्या, "मास्तर, तुमचा आवाज तर छान मोकळा झाला." मास्तर खूश. काम अंगाला मानवतंय, असा त्यांनी अर्थ लावला.

तिसऱ्या आठवड्यात टेबलाशी आकडी आली. पुढच्या आठवड्यात आणखी एक. दोन महिन्यांत गोल पहिल्यासारखे झाले, आणि सगळे कामाच्याच दिवसांवर. सुट्टीच्या दिवशी एकही नाही. हॉस्पिटलात तपासणी झाली. बॅटरी ठीक, तार ठीक, डबी ठणठणीत चालू. डॉक्टरीणबाईंनी करंट वाढवला. महिन्याभराने पुन्हा वाढवला. घरी आवाज आता इतका बसायचा की फोनवर नणंदेने विचारलं, "कोण बोलतंय?" आकड्या थांबल्या नाहीत. सर्वांत वाईट गेली ती चौथ्या महिन्यातली. मोठी कात्री हातात असताना आली. एका नवरदेवाच्या कोटाचं पुढचं पान तिरकं कापलं गेलं, ते एक असो, पण कपाळ टेबलाच्या कडेवर आपटून चार टाके पडले. हातातली कात्री पडली ती मावशींच्या पायापासून वीतभर अंतरावर.

त्या संध्याकाळी घरात बैठक बसली. लेक म्हणाली, "आई, कॅलेंडर बघ ना एकदा. घरी असलीस की ठीक, कामावर गेलीस की सुरू. उन्हातान्हात जिने चढायचे, दिवसभर उभं राहायचं, डोक्याला ताप. तुझं डोकं ते सहन करत नाहीये. सोड आता."

"आणि करू काय? तुमची तोंडं बघत बसू?" मास्तरांच्या तोंडून बाबांचंच वाक्य निघालं. "अहो, तुम्ही तरी सांगा हिला. दुकानात मला काही त्रास होत नाही. दुकानात तर माझा आवाजसुद्धा बसत नाही!"

मिस्त्री कपाळावरच्या टाक्यांकडे बघत होते. ते वाक्य त्या घरात बोललं गेलं, तिघांनी ऐकलं आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. सगळ्यांना एकच दिसत होतं, की घरात मास्तर सुरक्षित आहेत. दुकानाचा मालकही मनाने चांगला माणूस, पण तोही हात जोडून म्हणाला, "मास्तर, उद्या तुमचं किंवा कुणाचं बरंवाईट झालं तर मी काय तोंड दाखवू?" महिनाअखेरचा शनिवार हा शेवटचा दिवस ठरला. सोमवारपासून नवा कटर येणार होता.

मास्तरांनी मान डोलावली. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांना नक्की कळलं की आपल्याला आकडीची भीती नाही वाटत. आकडी काय, सदतीस वर्षांची ओळख. भीती वाटते ती सोमवारी सकाळी नऊ वाजता उठून कुठेच न जाण्याची.

शनिवारी मिस्त्री अर्धी रजा टाकून त्यांना न्यायला आले. सामान न्यायचं म्हणून मोठी पिशवी आणली होती. मास्तरांचा शेवटचा कोट टेबलावर पसरलेला. मिस्त्री ट्रायलच्या पडद्याजवळच्या स्टुलावर टेकले. मास्तर कापत होत्या आणि तोंडाचा पट्टा सुरू होता. नव्या कटरला म्हणावं कापडाचा रोख बघ, आंधळ्यासारखी कात्री चालवू नकोस. आणि मालकांना सांगा, तो दिवा बदला, बावीस वर्षं सांगतेय. मावशी, तुम्ही रडू नका, काजात पाणी जाईल. बाही, कॉलर, अस्तर, सगळ्यांचा उद्धार झाला. चाळीस मिनिटं.

मिस्त्रींचा कान म्हणजे डेपोतलं नावाजलेलं हत्यार. बस फाटकातून आत येतानाच ते सांगतात की चौथ्या सिलिंडरमध्ये गडबड आहे. स्टुलावर बसल्या बसल्या त्यांना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, काय ते मात्र कळेना. त्यांनी दोनदा घड्याळ पाहिलं. मास्तरांना वाटलं, घाई झालीय याला.

कोट कापून झाला. मास्तरांनी टेप काढली, कात्री काढली, बिल्ला काढला, ॲप्रन काढला आणि सगळं खिळ्याला लावलं. हे नंतर नेऊ, आज हात लावायला नको, असं काहीसं पुटपुटल्या. कारागिरांनी वर्गणी काढून आणलेलं भिंतीवरचं घड्याळ कागदात गुंडाळून हातात दिलं. मावशींनी मिठी मारली. मास्तर जिना उतरायला लागल्या.

मधल्या वळणावर त्यांनी नवऱ्याला सुनावलं, "तुम्हाला एवढी घाई होती तर आलात कशाला? सारखं घड्याळ बघत होतात ते काय मला दिसलं ना..." आणि तिथे आवाज बसला. घोगरा, जाडाभरडा, घरात असतो तस्सा.

मिस्त्री पायरीवरच थांबले. "अगं, डबी चालू आहे."

"मग? बंद असायला काय..."

"वर चाळीस मिनिटं बोललीस. एकदाही बसला नाही. काय खटकत होतं ते आत्ता कळलं." ते उलटे फिरले. "चल वर."

"आता कशाला? निरोप झाला माझा!"

"तूच म्हणाली होतीस. दुकानात आवाज बसत नाही. का बसत नाही? पाच मिनिटांनी बसायलाच हवा. गाडी रस्त्यावर बंद पडते आणि डेपोत चालते, तर रस्त्यावर काय वेगळं असतं ते बघायचं. एकेक पार्ट लावून बघायचा. चल."

बाई निरोप घेऊन निघालेली, आणि पाचव्या मिनिटाला नवऱ्यासकट परत दारात! कारागीर बघतच राहिले. मिस्त्रींनी मशीन बंद करायला लावली. निरोपाच्या घड्याळाचा कागद फाडला आणि ते टेबलावर कोटाशेजारी उभं केलं. मास्तर टेबलाशी उभ्या, नुसत्या. "बोलत राहा."

"काय बोलू?"

मावशींनी मापांची वही पुढे केली. मास्तर वाचायला लागल्या. छाती अडतीस, कंबर चौतीस, डावा खांदा अर्धा इंच खाली. चौथ्या मिनिटाला आवाज बसला. मग टेप गळ्यात घातली. पान उलटलं. बाही साडेचोवीस, पाठ सतरा, हा माणूस दर आठवड्याला जाड होतो. बसला. मग छोटी कात्री. बसला. ॲप्रन. बसला. इस्त्रीवाला कारागीर हळूच म्हणाला, "इस्त्रीची वायर असेल." म्हणून इस्त्री चालू केली. तरी बसला.

खिळ्यावर एकच वस्तू उरली होती. मिस्त्रींनी ती हातात घेतली, वजन पाहिलं, आणि टेबलावरच्या टाचण्यांवर धरली. सात-आठ टाचण्या उडी मारून वर आल्या. मास्तर ते बघत होत्या. मिस्त्रींनी बिल्ला त्यांच्या गळ्यात घातला, पट्ट्याखाली डावीकडे खोचला, जसा त्या रोज खोचायच्या.

"वाच."

मास्तर वाचत राहिल्या. पाच मिनिटं. छाती चाळीस. सात मिनिटं. कंबर छत्तीस. दहा. घड्याळाचा काटा बघून एक कारागीर बोटांवर मिनिटं मोजत होता. आवाज स्वच्छ, खणखणीत, गिऱ्हाइकाला झापताना असतो तसा. बारा मिनिटं झाली तेव्हा मास्तरांनी वही मिटली.

"रोज नऊ तास," त्या म्हणाल्या. "मी सकाळी येऊन स्वतःच्या हाताने बंद करत होते."

मास्तरांनी बिल्ला मुठीत घेतला. टाचण्या तळव्याला टोचत होत्या तरी सोडला नाही. "त्या पोरीने विचारलं होतं मला हॉस्पिटलात. कामावर चुंबक आहे का. मी छे म्हणाले." आणि त्यांना रडू फुटलं, चारचौघांत, ओक्साबोक्शी. "माझ्या मनात तो चुंबक नव्हताच हो कधी. बाबांनी दिलेला होता. मला काही होऊ नये म्हणून दिलेला."

मिस्त्रींनी त्यांच्या मुठीवर हात ठेवला. "आणि एकतीस वर्षं काही होऊ दिलं नाही त्याने," ते म्हणाले. "आता त्याची ड्यूटी संपली. दे इकडे."

दुकानातूनच डॉक्टरीणबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "आम्ही तुमची डबी पाच वेळा तपासली, पण गळ्यात काय काय घालता ते विचारलं नाही. ही माझी चूक. तो लांब ठेवा आणि सोमवारी या. आता डबी दिवसभर चालू राहणार आणि करंट मी दोनदा वाढवलाय, तो पुन्हा कमी करावा लागेल." मालकाने नव्या कटरला निरोप धाडला. मास्तरांना तो म्हणाला, "तीन महिने बघू. पण मोठी कात्री चालवताना शेजारी कुणीतरी उभं राहणार." मास्तर इतर वेळी यावर फणकारल्या असत्या. त्या दिवशी म्हणाल्या, "राहू दे. शिकेल तरी."

तीन महिने झाले. कॅलेंडर कोरं नाही, उगाच खोटं कशाला सांगा. पहिल्या महिन्यात दोन गोल, दुसऱ्यात एक, तिसऱ्यात अजून एकही नाही. मनगटावर टाचण्यांची छोटी उशी आली, मावशींनी शिवलेली. नर्सने दिला होता तसा चुंबक आता मिस्त्रींकडे आणि लेकीकडेही एकेक असतो. निरोपाचं घड्याळ दुकानातच लागलं. आणि बिल्ला मिस्त्रींनी एका लांब काठीच्या टोकाला बांधून दिला. संध्याकाळी झाडलोट करताना त्या काठीने जमिनीवरच्या टाचण्या गोळा करतात. ते काम मास्तरांनी करायचं नाही, असा दुकानाचा नियम आहे. त्या लांब उभ्या राहून कुठे राहिली ते बोटाने दाखवतात.

दुपारी एक वाजता डेपोतून फोन येतो. पूर्वी मिस्त्री विचारायचे, जेवलीस का, आणि ठेवून द्यायचे. बावीस वर्षं तेवढंच. आता म्हणतात, "बोल."

"काय बोलू? कामात आहे मी."

"काहीही बोल."

मग मास्तर बोलतात. त्या वकिलाने तिसऱ्यांदा बाही बदलायला लावली. दिवा अजून बदललेला नाही. मावशींची सून माहेरी गेलीय. पलीकडून हूं नाही की चूं नाही, नुसता इंजिनांचा आवाज. दोन मिनिटं, तीन मिनिटं. कारागिरांनीही तेव्हा मशीन थांबवलेलं असतं, पण मास्तरांना ते कळलंय असं त्या दाखवत नाहीत. आणि मग कुठल्याशा कोटाच्या कॉलरबद्दल काहीतरी सांगताना, वाक्याच्या मध्येच, त्यांचा आवाज बसतो.

"हं," मिस्त्री म्हणतात. "ठेव आता."